मावशीच्या गळ्यातला टाक

जेवायला बसली की आमची शेजारीण मावशी पहिला घास स्वतःच्या तोंडात घालत नसे. भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेल्या चांदीच्या टाकाला लावायची. लावताना हळूच म्हणायची, "तुमी आधी, बाई." तो घास ताटाच्या कडेला गाईसाठी राहायचा आणि मग ही जेवायला लागायची. नवं लुगडं आलं तरी तेच, शेतातली पहिली काकडी आली तरी तेच. एकदा मी माहेराहून आणलेली तिखट शेव तिला दिली, तर तीसुद्धा आधी टाकाला लावली. मला हसू आलं. तीही हसली, पण लावायची ती लावलीच.

टाक म्हणजे काय हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक येतो. चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. घरात काही नवं आलं की आधी तिला, मग आपल्याला. मेलेल्या सवतीचा मान राहतो, तिचा कोप होत नाही, अशी समजूत. गोम एवढीच होती की मावशीच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालेलंच नव्हतं. मावशी हीच त्याची पहिली आणि एकुलती एक बायको. मग तिच्या गळ्यात टाक कुणाचा? तुम्ही आमच्या गल्लीत राहत असता तर तुम्हीही हेच विचारलं असतं, आणि उत्तरही गल्लीनं काढलं तेच काढलं असतं.

मी वालूरला सून म्हणून आले तेव्हा निजाम जाऊन फार दिवस झाले नव्हते. माहेर पाथरीचं, त्यामुळे गाव नवं आणि माणसंही नवी. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला गल्लीची ओळख करून दिली. विरजण कुणाकडे मागायचं, कुणाच्या दारात उभंसुद्धा राहायचं नाही, कुठली सून नवऱ्याचे कान भरते, सगळं तपशीलवार. आमच्या सासूबाईंना धुराच्या वासावरून शेजारी काय शिजतंय ते कळायचं, आणि त्यांना कळलं की ते वेशीपर्यंत कळायचं. मावशीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. तिथं आल्यावर त्यांनी आवाज खाली घेतला. म्हणाल्या, हिच्या नवऱ्यानं ताडकळसला बाई ठेवली होती. ती मेली. तिची पोरगी ही सांभाळते आणि वरून तिचाच टाक गळ्यात घालून मिरवते.

पोरगी म्हणजे गोदा. तेव्हा सहाएक वर्षांची असेल. मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. मावशीला ती मावशी म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच तिला मावशी म्हणू लागली होती. नवऱ्याला काका. काका बैलगाडी हाकायचे, वालूरचा कापूस सेलूच्या जिनिंगला नेऊन टाकायचे. इतके मुके की बैलांनाही हाक मारत नसत, नुसतं खाकरायचे, आणि बैल काय ते समजून घ्यायचे. कालवणात मीठ कमी पडलं तर अळणी खातील पण मागणार नाहीत. असा माणूस ताडकळसला जाऊन परक्या बाईशी काय बोलला असेल, असा प्रश्न मला पडायचा. पण नव्या सुनेला पडलेले प्रश्न तिच्यापाशीच राहतात.

खरी गोष्ट मला वाकळ शिवताना कळली. उन्हाळ्यातल्या दुपारी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून टाके घालत बसायचो. निजाम जायच्या आधी, गडबडीच्या साली, आमच्या भागातली कितीतरी माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात निघाली होती, हे तुम्ही ऐकलं असेल. मावशी आणि काका ही दोघंही गाडी जुंपून निघाली. जिंतूरच्या वाटेवर एक बाई लेकराला कडेवर घेऊन एकटीच चाललेली दिसली. काकांनी गाडी थांबवली. बाईचा नवरा आधीच कुठं निघून गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. आपण पूर्णेकडची, एवढंच तिनं सांगितलं. दोन दिवस ती त्यांच्या गाडीत होती. तिसऱ्या दिवशी तिला पटकी झाली आणि दुपारी ती गेली. ओढ्याकाठी तिला माती दिली आणि लेकराला घेऊन दोघं पुढे निघाली.

"नाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बघ," मावशी म्हणाली. "दोन दिस निस्तं बाई, बाई केलं."

पाऊस संपता संपता मुलूख शांत झाला आणि दोघं परत आली. लोकांनी पाहिलं की जाताना दोघं होती, येताना तीन आहेत. काकांनी पोरीचं कुणी सापडतंय का म्हणून पूर्णेकडचा भाग धुंडाळायचं ठरवलं. ताडकळसच्या आठवडी बाजाराला ते गाडी घेऊन पुन्हा पुन्हा जायचे, चार माणसांना विचारायचे, हात हलवत परत यायचे. पोरीला चिंचेचं झाड आणि विहीर यापलीकडे काही आठवत नव्हतं, आणि चिंच आणि विहीर कुठल्या गावात नाही? काकांच्या त्या खेपा मात्र गल्लीनं बरोबर ध्यानात ठेवल्या. पोरीचं घर शोधायला गेलेला माणूस आमच्या हिशेबात बाईचं घर विसरू न शकलेला माणूस झाला.

मग टाक? त्याचं असं झालं. गोदा जेवताना अर्धीच भाकरी खायची. मावशीला वाटलं, पोर नवं आहे, पोटात अन्न जात नाही. एक दिवस कणगीमागून मुंग्यांची रांग निघालेली तिनं पाहिली. मागं हात घातला तर वाळलेल्या भाकरीचे तुकडे, ओळीनं मांडून ठेवलेले. विचारल्यावर पोरगी म्हणाली, मायसाठी ठेवलंय, ती येईल तेव्हा भुकेली असेल. दुसरी कुणी असती तर रागावली असती, नाहीतर रडत बसली असती. मावशीनं ते तुकडे गोळा करून गाईला घातले आणि तिथंच बसून विचार केला. मेलेल्या बाईला रोज जेवू घालायची एकच रीत तिला माहीत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दंडातली चांदीची वाकी काढून ती सोनाराकडे गेली. गोदाला बरोबर नेलं. सोनारानं विचारलं, कुणाचा टाक? मावशी म्हणाली, हिच्या मायचा. सोनारानं मावशीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्याच्याकडे टाक करायला येणाऱ्या बायका एकाच कारणासाठी यायच्या. गोदानं मात्र त्याला बजावून सांगितलं की माझ्या मायचं कुंकू मोठं होतं. त्यानं तसं ठसठशीत कुंकू ठोकून दिलं. टाक मावशीच्या गळ्यात गेला त्या दिवसापासून गोदा पोटभर जेवू लागली आणि त्याच दिवसापासून गल्लीला बोलायला विषय मिळाला.

मी घरी येऊन सासूबाईंना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, तिनं सांगितलं आणि तू ऐकलंस, अजून लहान आहेस. पुढं हेही म्हणाल्या की बघ, सोनारासमोर ती स्वतःच्या तोंडानं कबूल झाली. त्या गल्लीची मला लाज वाटते, आणि गल्ली म्हणजे कुणी परकी माणसं नव्हती, माझंच घर होतं.

मावशीला मूलबाळ नव्हतं. पोर कसं वाढवायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि आई मेलेलं पोर कसं वाढवायचं हे तर आमच्यात कुणालाच येत नव्हतं. आम्ही सगळ्या तिला एकच सांगायचो, मेलेल्या माणसाची आठवण सारखी काढू नये, पोर झुरतं, विसरू दे तिला. मावशी वाद घालत नसे. "इसर म्हटल्यानं कुणी इसरतं व्हय," म्हणायची आणि कामाला लागायची.

गोदाचं रडू वेळीअवेळी यायचं. चांगली खेळत असायची आणि मध्येच कुठं काय दिसायचं कोण जाणे. पंचमीला गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले, आणि गोदा झोक्यावरून उतरून घरात कोपऱ्यात जाऊन बसली. मावशीच्या तव्यावर भाकरी होती. तिनं तवा उतरवून ठेवला, पिठाचे हात तसेच, आणि पोरीशेजारी जाऊन बसली. रडू नको असं ती कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "रड. मी हितं हाय." पोरीचं रडणं आपोआप सरेपर्यंत ती तिथंच बसायची. अशा दिवशी काका उशिरा जेवायचे.

गोदाला आईच्या गोष्टी लागायच्या. मावशीकडे दोनच दिवसांच्या गोष्टी होत्या. बाईनं चालत्या गाडीत पोरीची वेणी घातली ती गोष्ट. बैलानं शिंग हलवलं आणि बाई दचकून मग स्वतःलाच हसली ती गोष्ट. पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून तिनं मावशीलाही अर्धा दिला ती गोष्ट. एवढीच पुंजी. पोरगी मोठी होत गेली तशी तीच गोष्ट तिला वेगळी ऐकू यायची. लहान होती तेव्हा गूळ किती मोठा होता ते विचारायची. पुढं विचारू लागली की मायनं गूळ तुला का दिला, तुझी तिची ओळख नव्हती. एकदा मीच मावशीला म्हटलं, दोन गोष्टी पदरच्या घाल की, पोर खूश होईल, कोण बघायला आलंय.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "हायत ते दोनच दिस हायत. त्यात मी माझं घातलं तर ती तिची माय ऱ्हाणार न्हाई."

गोदा अकरा-बारा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस विहिरीवरून घागर न भरताच परत आली. तिथं पोरींचं भांडण झालं होतं आणि त्यातली एक तिला म्हणाली होती, तुझी माय ठेवलेली होती, आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पोरींना हे शब्द कुठून मिळाले ते सांगायला नको. गोदा घरात आली आणि मावशीच्या गळ्याकडे बोट करून म्हणाली, "काढ ते. लोक हसायलेत." मावशीनं दोरा काढला आणि टाक देव्हाऱ्यात ठेवला. त्या दिवसापासून गोदा आईचं नाव काढीना. काका घरात आले की उठून बाहेर जायची. काकांना कारण कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ते गोठ्यात जाऊन बैलांच्या अंगावरून हात फिरवत उभे राहिले.

आपण पोरीला तिची आई द्यायला गेलो आणि तिच्या आईचंच नाव खराब केलं, हे मावशीच्या तेव्हा ध्यानात आलं. वाकळ शिवताना ती मला म्हणाली, "मला येवढी अक्कल पायजे व्हती. टाक सवतीचा असतो. मी आपली रीत धरली, लोकांनी आपला अर्थ धरला." त्या दिवसांत तिनं गल्लीत येणं-जाणं बंद केलं. पाण्याला जायची तीही बायका नसतील तेव्हा. ज्यांनी लाजायचं त्या आम्ही ताठ मानेनं हिंडत होतो आणि ती डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडेनं चालत होती.

शेवटी गोदानंच विचारलं, काका माझे बाप आहेत का? मावशी नाही म्हणाली. गोदाचा विश्वास बसेना. मग मावशीनं तिला जे सांगितलं ते मलाही तोवर सांगितलेलं नव्हतं. ओढ्याकाठी बाईला उलट्या सुरू झाल्या तेव्हा पटकी पोरीला लागेल म्हणून मावशीनं पोरीला तिच्या मांडीवरून ओढून काढलं आणि लांब गाडीपाशी नेलं. काका बाईला पाणी पाजत बसले. बाई पोरीला हाका मारत होती. पोरगी जायला बघत होती. मावशीनं तिला छातीशी दाबून धरलं होतं.

"मला हाका ऐकू आल्याचं कामून ध्यानात न्हाई?" गोदानं विचारलं.

"मी तुझे कान दाबून धरले व्हते."

ती पोरगी मग खूप दिवस मावशीशी बोलली नाही. पण एक झालं, तिचा विश्वास बसला. लाज झाकायला माणसं खोटं रचतात. आपली एवढी मोठी लाज उघडी करायला कुणी खोटं रचत नाही, हे त्या एवढ्याशा पोरीला कळलं. एक दिवस मावशी डाळ निवडत बसली होती तर गोदा आली, देव्हाऱ्यातला टाक घेतला, नवा काळा दोरा ओवला आणि मागं उभी राहून मावशीच्या गळ्यात बांधला. मग एवढी मोठी पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. हे सांगताना मावशीचे टाके चुकत गेले, म्हणून मी सुई तिच्या हातातून काढून घेतली.

पुढं तीन-चार वर्षांनी गोदाला पाथरीकडचं स्थळ आलं. मुलगा शेतकरी, घर खाऊन-पिऊन सुखी. मावशीनं अंगण सारवलं, आमच्या घरून चार फुलपात्रं मागून नेली. रीतीप्रमाणे गल्लीतली वडीलधारी माणसं ओसरीवर बसली आणि आम्ही बायका मधल्या दाराआड. सासूबाई सगळ्यांत पुढं, कारण त्यांना ऐकू कमी येतं असं त्यांचं म्हणणं होतं. गोदा आत चहाचं बघत होती. बोलणी सुरळीत चालली होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. तेव्हा मुलाचा बाप काकांना म्हणाला, "एक गोष्ट मोकळी बोलतो. पोरगी तुमचीच हाय हे आमाला कळलंय. तिच्या मायचं जाऊ द्या. बाप आपल्यातला हाय, तेवढं बास हाय."

तुमच्या ध्यानात आलं ना, काय झालं ते? जे खोटं आम्ही इतकी वर्षं या घराच्या दारात टाकत होतो, तेच आता पोरीच्या कामाला येत होतं. हो म्हटलं की तिला बाप मिळत होता, जात मिळत होती, घर मिळत होतं. नाही म्हटलं की ती वाटेवर सापडलेली, कुणाची कोण जाणे. काका जमिनीकडे बघत बसले. मग त्यांनी अगदी थोडी होकाराची मान हलवली. मी मावशीकडे पाहिलं. ती बोलली नाही. तिनं पदर ओढून गळा झाकून घेतला.

तेवढ्यात गोदा आतून आली. चहाचं ताट तिनं उंबऱ्यावर ठेवलं. आवाज चढलेला नव्हता.

"माझी माय कुणाची ठेवलेली न्हवती. ती वाटसरू व्हती. यांच्या गाडीत दोन दिस बसली आन् वाटंत मेली. माझी जात मला ठाव न्हाई. काका माझे बाप न्हाईत, त्यांनी मला वाढीवलंय. आता सुपारी फोडायची तर फोडा."

पाहुण्यांनी टोप्या उचलल्या. चहा तसाच राहिला. गल्लीतली माणसं एकेक करून उठली, पण कुणी कुणाकडे बघेना, कारण त्या ओसरीवर असा एकही माणूस नव्हता ज्याच्या घरी ती गोष्ट सांगितली गेली नव्हती. सासूबाई घरी आल्या आणि त्या दिवशी त्यांनी चूल पेटवायला मलाच सांगितलं. जेवल्या नाहीत.

तुम्हाला वाटेल, आता खरं कळलं, आता तरी गल्ली शहाणी झाली असेल. गोदा काकांच्या पापाची पोर होती तोवर त्या घरचं पाणी आम्हाला चालत होतं. ती निष्पाप बाईची पोर आहे असं कळलं आणि पाणी बंद झालं. तिच्या हातचं घ्यायचं कसं, जात कुठली कोण जाणे. आधी आम्ही खोटं बोलून त्यांना खाली पाहायला लावलं आणि मग खऱ्याची शिक्षा दिली. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

मावशीला पाण्याचं काही वाटलं नाही. तिला दुसरंच लागलं होतं. एकदा म्हणाली, "मी गप बसले बघ. येवढी वर्षं तिच्या मायला जेवू घातलं आन् त्या दिशी तिचीच इज्जत देऊन सोयरीक करायला निघाले. बाई वर असंल तर काय म्हणत असंल?" मी म्हटलं, पोरीसाठीच ना गप बसलीस. गोदाही तिला तेच सांगायची. तू माझ्यासाठी गप बसलीस, मला कळतंय, आता पुरे. मावशी म्हणायची, तुला कळतंय म्हणूनच लाज वाटते. पहिला घास ती टाकाला लावायची, पण त्या दिवसानंतर तोंडानं काही म्हणताना मी तिला ऐकलं नाही. आता गोदा तिच्याजवळ बसायची, वाकळीच्या दुसऱ्या टोकाला, तिचं मन निवेपर्यंत. लहानपणी आपल्याजवळ कुणीतरी कसं बसायचं हे त्या पोरीनं चांगलं ध्यानात ठेवलं होतं.

गोदाचं लग्न मावशीला पाहायला मिळालं नाही. पोटाचं दुखणं झालं, सेलूच्या दवाखान्यात काकांनी गाडीतून नेलं, आणलं, आणि भर पावसाळ्यात ती गेली. काकांचे भाऊबंद म्हणाले, पोरीला सुतक लागत नाही, ती घरातली नाही. गोदानं कुणाशी वाद घातला नाही. दिवस संपेपर्यंत ती कोपऱ्यात जमिनीवर निजली, अळणी खाल्लं, डोक्याला तेल लावलं नाही. काका तिच्याशेजारी येऊन बसायचे आणि बैलांना पाणी दाखवायचं विसरून जायचे. गल्लीतल्या बायका दारापर्यंत येऊन हळहळून गेल्या. आत कुणी आलं नाही.

दुसऱ्या वर्षी पितृपक्ष आला. कुंकू असताना गेलेल्या बाईच्या नावानं नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवू घालतात. पाटावर बसलेली सवाष्ण त्या दिवशी ती गेलेली बाईच, असं मानून तिचे पाय धुतात, तिला वाढतात. गोदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, मावशीच्या नावानं तुम्ही बसा. मी हो म्हटलं. घरातून परवानगी मिळो न मिळो, मी जाणार होते. तिला दोन सवाष्णी हव्या होत्या, एक मावशीची, एक मायची. मरताना मायच्या कपाळावर कुंकू होतं, तेव्हा तिचाही तोच दिवस. पण दुसऱ्या पाटासाठी तिनं सहा-सात घरं विचारली होती. कुणाकडे पाहुणे होते, कुणाचा उपास होता, कुणाच्या गुडघ्यांना खाली बसवत नव्हतं. गोदा म्हणाली, पाट मांडते, पान वाढते, नंतर गाईला घालते.

त्या दिवशी मी जाऊन बसले. माझे पाय धुताना गोदानं मला मावशी म्हणून हाक मारली आणि मला पुढचं काही दिसेना. शेजारी रिकामा पाट होता. त्या पाटापुढच्या पानावर गोदा मीठ वाढत होती तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. सासूबाई होत्या. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, ठसठशीत कुंकू लावून आल्या होत्या. घरात त्या मला काही म्हणाल्या नव्हत्या. उंबऱ्यावर त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, परत जातील.

"मी बसू का?" त्यांनी विचारलं.

गोदा उठून उभी राहिली. म्हणाली, "ह्यो पाट माझ्या मायचा हाय."

"ठाव हाय," सासूबाई म्हणाल्या आणि येऊन पाटावर बसल्या.

गोदानं त्यांचे पाय धुतले, पदरानं पुसले, हळदकुंकू लावलं. खीर वाढली, कढी वाढली, वडे वाढले. सासूबाईंनी घास उचलला आणि हात पानावरच थांबला. ज्यांचं तोंड कधी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं त्यांनी तो घास परत पानात ठेवला. गोदा त्यांच्यासमोर खाली बसली.

"जेव, माय," ती म्हणाली. "आता तुला कुणी काय म्हणत न्हाई."

सासूबाईंनी मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी पानात पडत होतं. त्या खाली बघूनच जेवत राहिल्या, आणि गोदा वाढत राहिली.